दाजी खाकरले त्याची हकीकत

हट्टा, ता. वसमत
(तारीख टाकत नाही. टाकली की पत्र किती दिवसांनी मिळालं ते तू मोजत बसतोस आणि मजकूर राहून जातो.)

चि. हरीश यास,

वैजनाथमामाचे हट्ट्याहून भरपूर आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्यात रीत आहे म्हणून लिहिलं. कोण किती खुशाल आहे ते पुढं येईलच. तिकडं तुझी, कोमलची आणि लेकराची तब्येत बराबर असावी. तुझ्या ॲसिडिटीचं काय झालं? कोमल सांगत होती, तू सकाळी लापशीसारखा काही प्रकार थंड दुधात कालवून खाऊन राहिलास. अरे, आपल्याकडं असलं म्हशीला देतात, आणि तेही कोमट करून. (म्हशीला ॲसिडिटी झालेली मी पाहिलेली नाही, त्यामुळं खात राहा.) सोयाबीन निघालं, हळद उभी आहे, आमच्या आक्काचे, म्हणजे तुझ्या आईचे, गुडघे आणि जीभ दोन्ही चालू आहेत, गुडघे जरा कमी.

तू म्हणशील, मामाच्या स्वतःच्या दुकानात मोबाइल टांगलेले असताना मामा पत्र काहून लिहून राहिला? एक तर तुला फोन केला की तू 'मामा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला मीटिंग नसते. दुसरं म्हणजे फोनवर मी अर्धं सांगेपर्यंत तू तुझ्या वडलांना फोन लावला असतास, आणि कुणी चुगली केली ते त्यांना कळलं असतं. 'हरीशला फोन करणार नाही' अशी शपथ आक्कानं मला घातली आहे. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. तेव्हा आता खुर्चीत नीट बस, आणि पत्र संपेपर्यंत फोनला हात लावू नको.

दाजींच्या घशात गाठ निघाली आहे. मागं तूच फोनवर त्यांना म्हणालास ना, की बाबा तुमचा खोकला वाढलाय, कुणाला तरी दाखवा? म्हणून आक्कानं त्यांना ढकलत नांदेडला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. आज वाईट काही नाही म्हणाले, पण ठेवली तर पुढं वाईट होईल. काढली तर आवाज राहील का, राहिला तर कुणासारखा राहील, हे मात्र त्यांना सांगता येईना. (खोकला कशानं येतो तेही त्यांना सापडलं नाही. पण गाठ सापडल्यावर खोकल्याची चौकशी कोण करतं.) दाजी तिथंच उठले, रुमाल खांद्यावर टाकला आणि 'मग राहू द्या' म्हणून बाहेर चालायला लागले. आक्कानं आठवडाभर त्यांच्या नाकी नऊ आणले. आवाज गेल्यावर मी घरात करू काय, असं त्यांनी तिला विचारलं, तर तोंड न उघडता करायची किती कामं घरात पडून आहेत ते मला विचारा, असं ती म्हणाली. शेवटी दाजींनी एक अट घातली. जन्मभर मी बंद खोलीत भिंतीशी बोललो, म्हणाले. ज्यांच्यासाठी बोललो त्यांच्यापुढं बसून एकदा बोलू द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं. अट साधी होती. ती पुरी करायचं काम आक्कानं माझ्याकडं दिलं, आणि तिथंच माझं चुकलं असं ती आता जो येईल त्याला सांगून राहिली.

रेडिओवरचे दाजी तुला कितपत आठवतात याची मला शंकाच आहे. त्यांचा कार्यक्रम लागला की तू काटा फिरवून क्रिकेटवर न्यायचास, कारण ते तुला रविवारी घरी फुकट ऐकायला मिळायचे. आमचं तसं नव्हतं. आक्काच्या लग्नात मी पाठराखा म्हणून या गावात आलो, तो अजून परत जायचाच आहे. बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं ते दाजींच्या जिवावर. त्यांच्या 'बांधावरची बैठक' ह्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ तोंडावर आली आणि रेडिओ मुका झाला की माणूस बैल आजारी पडल्यासारखा माझ्याकडं पळत यायचा. दाजींचा आवाज काही फार भारदस्त होता असं नाही. भारदस्त आवाजाची माणसं केंद्रावर पुष्कळ होती, ती बातम्या सांगायची. दाजी आपल्या बोलीत बोलायचे, आणि तुरीवर अळी पडली तर ती त्यांच्या स्वतःच्या तुरीवर पडल्यासारखी सांगायचे. ऐकणाऱ्याला आधी त्यांचंच वाईट वाटायचं, मग आठवायचं की आपलीही तूर आहे.

आणि त्यांचं ते खाकरणं. ते कुठून आलं हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. सेनगावकडच्या एका गावातून रूपाबाई म्हणून कुणा बाईचं पोस्टकार्ड आलं होतं. 'तुमी बाजारभाव लई घाईनं सांगता. मी भाकर तव्यावर टाकून येईस्तोवर ज्वारी निघून जाते. आमच्या मालकाला ऐकू येतं पन ध्यानात राहत न्हाई, म्हणून मलाच यावं लागतं.' दाजींनी ते कार्ड दिवसभर खिशात ठेवलं. त्या संध्याकाळपासून भाव सांगायच्या आधी ते एकदा सावकाश खाकरायचे आणि थोडं थांबायचे. तेवढ्या वेळात चुलीवरची बाई उंबऱ्याशी यायची, गोठ्यातला गडी दारात यायचा, रडतं लेकरू कुणीतरी उचलून घ्यायचं. मग ज्वारी. वरच्या साहेबांनी त्यांना विचारलं म्हणे, तब्येत बरी नाही का? दाजी म्हणाले, तब्येत बरी आहे साहेब, बाई लांब आहे. (एक नवखं गिऱ्हाईक माझ्याकडं रेडिओ घेऊन आलं होतं, रोज भावाच्या आधी ह्यात खरखर होते म्हणून. मी तो खोलला, पुसला, परत लावला, आणि आता होणार नाही म्हणून सांगितलं. तो परत कधी आला नाही, म्हणजे त्याचंही समाधान झालं असावं.)

तर दाजींची अट पुरी करायला सत्कार ठरवला. माझ्या दुकानात समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी झालो, कारण खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे. दाजींना माईक द्यायचा आणि माणसं गोळा करायची, एवढंच काम होतं. पण सत्कार म्हटला की पाहुणा लागतो, पाहुणा म्हटला की स्वागत लागतं, आणि स्वागत म्हटलं की ज्याचं करायचं राहील तो मरेपर्यंत बोलत नाही. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर पाहुणे साहेब कमरेपर्यंत, त्यांच्या दोन्ही अंगाला त्यांचे वरचे आणि खालचे नेते, मग समिती, आणि मोबाइल टॉवरच्या चित्राशेजारी दाजी. (रेडिओचा टॉवर मिळाला नाही, फ्लेक्सवाल्या पोराला टॉवर म्हणजे हाच वाटला.) आक्कानं तो फ्लेक्स चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला, आणि दाजींना दाखवायच्या आधी काढा म्हणाली. मी म्हटलं, आक्का, माणूस लहान दिसला तरी टॉवर त्याचाच आहे. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिता येत नाही.

कार्यक्रम चारला होता. दाजी त्याच्या कितीतरी आधी धुतलेलं धोतर नेसून स्टेजवर जाऊन बसले. रेडिओच्या माणसाला उशीर ही गोष्टच ठाऊक नाही. चार वाजता मांडवात दाजी, मी, खुर्च्यावाला आणि दोन शेळ्या होतो. माणसं पाचपर्यंत आली, आणि चांगली आली, औंढ्याकडच्या तांड्यावरून हिरासिंग आणि रुख्मिणीबाई हे दाजींचे जुने श्रोते जीप करून आले, ज्यांना रेडिओ काय असतो ते आता नातवंडांना चित्र काढून सांगावं लागतं असे सगळे म्हातारे आले. साहेब मात्र जनावरं रानातून परतली तेव्हा आले. तोवर माईक सूत्रसंचालकाच्या हातात होता. सूत्रसंचालक म्हणजे हिंगोलीचे दिपक सर, जिल्ह्यातला एकही साखरपुडा त्यांच्याशिवाय होत नाही. मीच आणले. (सगळे म्हणतात मामानं आणले, मामानं आणले. हो, आणले. तेव्हा कुणी दुसरं नाव सुचवलं होतं का?) गड्याचा आवाज असा की मांडवाचे खांब हालावेत. तो दाजींपुढं दाजींपेक्षा जाड आवाजात दाजींच्या आवाजाबद्दल तासभर बोलला. ज्यांच्या आवाजानं गावोगावी पहाट व्हायची, म्हणाला. कार्यक्रम संध्याकाळी असायचा, हे मी खालून खुणेनं सांगितलं, तर त्यानं मला हात जोडून नमस्कार केला आणि लोकांकडून माझ्यासाठी टाळ्या घेतल्या.

मग फेटे. दाजींना फेटा बांधला तो असा करकचून की दोन्ही कान आत गेले. ज्या माणसानं जन्मभर कानावर पोट भरलं त्याला पुढचा सगळा सत्कार ओठ बघून समजून घ्यावा लागला, आणि मला वाटतं त्यातच त्यांचं भलं झालं. साहेबांचा सत्कार झाला, साहेबांच्या ड्रायव्हरचा झाला, मांडववाल्याचा झाला, माझा झाला. बचत गटाच्या मिराबाईंना दाजींबद्दल दोन शब्द बोलायचे होते, खरंच बोलायचे होते, त्या घरून तयारी करून आल्या होत्या. त्यांना आरतीचं ताट धरायचा मान दिला. त्यानंतर आठवणी सुरू झाल्या. सरपंच म्हणाले, काकांची क्रिकेटची कॉमेंटरी मी कधी चुकवली नाही. पतसंस्थेचे चेअरमन म्हणाले, गावात पहिला रेडिओ आमच्या आजोबांनी आणला, आणि मग त्या रेडिओचं लाकूड, त्याचं कातडी कव्हर, त्याला लागणारा मोठा सेल आणि आजोबांचं घोडं इथपर्यंत जाऊन ते खाली बसले. साहेबांनी कमालच केली. लहानपणी ह्या माणसाला मी रोज रेडिओवर पाहायचो, म्हणाले. दाजींनी ओठ बघितले आणि मान हलवली. प्रत्येक भाषण झालं की दिपक सर ते भाषण पुन्हा सांगायचे, मूळच्यापेक्षा जरा वाढवून.

मी मधूनमधून आक्काकडं बघत होतो. ती बायकांच्या पहिल्या ओळीत बसली होती आणि भाषणं ऐकतच नव्हती, तिचं लक्ष दाजींच्या गळ्याकडं होतं. उशीर होईल तसा त्यांचा आवाज बसतो, सकाळी बरा असतो, दुपारी चालतो, दिवेलागणीला घोगरा होतो, हे तिला आणि मलाच माहीत होतं. मीच चारची वेळ धरली होती ती त्यासाठीच. आज बोलणं झालं नाही तर हा माणूस नांदेडला जाणार नाही, आणि गाठ काही सत्काराची वाट बघत थांबणार नाही. मला भीती वाटली, हरीश. अध्यक्षाला भीती वाटणं शोभत नाही, म्हणून मी टाळ्या वाजवत राहिलो.

शेवटी एकदाचा माईक दाजींच्या हातात आला. ते उभे राहिले. फेटा कानावरून वर सरकवला. माईक तोंडापासून वीतभर लांब धरला, आणि खाकरले.

काय सांगू तुला. शेंगा खाणाऱ्यांनी मुठी मिटल्या. पन्नाशीपुढच्या झाडून साऱ्या बायकांनी जवळच्या लेकरांच्या तोंडावर हात ठेवला, मग लेकरू कुणाचं का असेना. मागं उभी होती ती माणसं खाली बसली. हिरासिंगनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मांडी घातली. मी सोफ्यावर रेललो होतो तो ताठ झालो, आणि कशासाठी ते मला नंतर कळलं. दाजी थांबले होते. चुलीपासून येणाऱ्यांना वेळ देऊन राहिले होते.

दिपक सरांचं वय तिशीच्या आत. त्यांना वाटलं म्हातारं गुदमरलं. त्यात घशाच्या गाठीचं मीच त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, जरा सांभाळून घ्या म्हणून. (आक्का म्हणते सगळा घोळ इथंच झाला. मी म्हणतो, काळजीपोटी सांगितलं.) त्यांनी झेप घेऊन माईक काढून घेतला. मित्रहो, अतिशय भावुक क्षण आहे, सत्कारमूर्तींना शब्द फुटत नाहीत, असं म्हणून त्यांनी दाजींना धरून खाली बसवलं. एकानं तोंडाला पाणी लावलं, एकजण शालीनं वारा घालायला लागला, साहेबांनी नाडी धरली. दाजी हातानं न्हाई न्हाई म्हणून राहिले होते, ते सगळ्यांनी 'आता मला बोलवत नाही' असं घेतलं. दिपक सरांनी प्रकृती आधी म्हणून आभार मानले, मोबाइलवरून राष्ट्रगीत लावलं, सगळे उभे राहिले. राष्ट्रगीत संपलं, साहेबांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या, आणि साउंडवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली.

राष्ट्रगीत झालं की माणसं जातात. ही खाली बसली. दिपक सर बिनमाईकचे ओरडले, मंडळी, कार्यक्रम संपला, चहा तिकडं आहे. कुणी उठेना. तेव्हा हिरासिंग बसल्या जागेवरून म्हणाला, "संपला कसा? खाकरून झालं, भाव कुठं सांगितला? भाव ऐकल्याबिगर आमी उठत नसतो."

दाजींनी फेटा उतरवला. स्टेजवरून खाली यायला निघाले, पण मध्येच स्टेजच्या कडेलाच पाय सोडून बसले. भाषण त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं, रोज सकाळी परसात कोंबड्यांपुढं म्हणायचे, मला अर्धं पाठ झालं होतं. त्यातला एक शब्द बोलले नाहीत. खाकरले, थांबले, आणि त्या सकाळचे मोंढ्यातले भाव सांगितले. सोयाबीन पडलेलंच, हरभरा कालच्यासारखा, तूर कुणी आणलीच नाही, हळद जरा बरी. मग हवामान सांगितलं. मग तुरीला फुलं धरलीत, अळीवर नजर ठेवा, असं त्यांच्या स्वतःच्या तुरीबद्दल सांगितल्यासारखं सांगितलं. आवाज पार बसला होता. खरं सांगायचं तर मागच्या निम्म्या मांडवाला काहीच ऐकू गेलं नाही. पण माना बराबर हलत होत्या, सोयाबीनला खाली आणि हळदीला वर, कारण आधी काय येतं आणि मग काय येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ते नेहमीचं म्हणाले, जनावरांना पाणी दाखवा, दाराला कडी लावा. त्यापुढं ते रोज 'उद्या याच वेळेला बांधावर या' असं म्हणायचे. ते म्हणाले नाहीत. उतरवलेला फेटा मांडीवर घेतला. मग रुख्मिणीबाई बायकांतून म्हणाली, "येतो, उद्या याच वेळेला." आणि माणसं उठली.

मला रडू आलं. लपवत नाही. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले तर शेमल्याचा गुलाबी रंग दोन्ही गालांना लागला, आणि फोटोत तो स्पष्ट दिसतो. गावात सध्या त्या फोटोवर करमणूक चालू आहे.

घरी येऊन दाजींनी हातपाय धुतले, आक्कानं दिलेलं गरम पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, नांदेडला सांगून टाका. येत्या सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. आक्का मागं फिरून भांडी लावायला लागली. एवढी भांडी त्या दिवशी घरात घासलेली नव्हती, तरी ती बराच वेळ लावत होती.

असो. लिहिण्यासारखं एवढंच. कोमलला आशीर्वाद, लेकराचा पापा घे, आणि ते म्हशीचं खाणं जरा कमी कर.

तुझा मामा,
वैजनाथ
(अध्यक्ष, सत्कार समिती. समिती बरखास्त.)

ता.क. दिपक सर काल घरी येऊन गेले. झाल्या प्रकाराचं वाईट वाटलं म्हणून आले असतील असं समजून आक्कानं चहा टाकला. त्यांना दाजींकडून खाकरायला शिकायचं आहे. साखरपुड्यात लोक गप्प बसत नाहीत, म्हणाले.

दुसरा ता.क. पत्र स्पीड पोस्टाच्या पाकिटात घालायच्या आधी आक्काच्या हाती लागलं. (शपथेचं काय झालं ते आमचं आम्ही बघून घेऊ.) तिचं म्हणणं, फ्लेक्सबद्दल तू लबाडी केलीस, साहेबांच्या खालोखाल सगळ्यात मोठा फोटो तुझाच होता, ते काहून लिहिलं नाहीस? लिहिलं नाही कारण विषय दाजींचा आहे. सोमवारी तू आलास तर तिला बरं वाटेल असं ती म्हणत नाही, पण तुझ्या खोलीतली तुरीची पोती तिनं आजच बाहेर काढायला लावली. माझी कंबर त्यात गेली.

तिसरा ता.क., आणि पत्र लिहायला बसलो ते खरं ह्याच्यासाठी. दाजी तुला फोन करतात तेव्हा मी बहुतेक ओट्यावर बसलेला असतो. तू उचलतोस, ते खाकरतात, आणि तू म्हणतोस, बाबा खोकला वाढलाय, डॉक्टरला दाखवा, मी मीटिंगमध्ये आहे. त्या खोकल्यामुळं गाठ सापडली, त्याबद्दल तुझे उपकारच मानायचे. पण आक्का म्हणते तो खोकला नव्हताच, आणि डॉक्टरांनाही तो सापडला नाही. तू लांब असतोस म्हणून ते थांबतात. सोमवारच्या आधी एकदा फोन कर, आणि ते खाकरले की काही बोलू नको. नुसता जवळ येऊन बस.